हृदयासाठी आणलेली बाटली

मारुतराव जगदाळे रस्त्यात कोसळले तेव्हा त्यांना उचलणारा माणूस कोण होता, हे कितीतरी दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं.

पंच्याण्णव सालचा जानेवारी होता. मोहन्याच्या रेयॉन कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. सगळी नोकरी पाळ्यांमध्ये गेल्यामुळं सकाळी फिरायला जायची चैन आता कुठं मिळाली होती. कोपरीतल्या घरातून निघायचं, मीठबंदरच्या रस्त्यानं खाडीपर्यंत जायचं, थोडा वारा खायचा आणि कलावतीबाईंचा चहा उकळेपर्यंत परत यायचं. त्या सकाळी खाडीच्या अलीकडंच त्यांच्या छातीवर कुणीतरी पाटा आणून ठेवावा तसं झालं. डावा हात जड पडला, बनियन घामानं भिजलं. एका कुंपणाला धरून ते खाली बसले आणि बसल्या जागीच आडवे झाले.

माणसं जमली. कुणी म्हणालं फिट आलीय, कांदा हुंगवा. कुणी म्हणालं हात लावू नका, उगाच पोलिसांचं लचांड मागं लागेल. तेवढ्यात खाडीवरून परतणारा एक कोळी गर्दीत घुसला. खांद्यावरचं ओलं जाळं त्यानं रस्त्यातच टाकलं, मारुतरावांना उचललं आणि तो धावत सुटला. पुढं नाक्यावर रिक्षा मिळाली. इस्पितळात पोचवून, मारुतरावांच्या खिशातल्या कागदावरचा पत्ता नर्सकडून वाचून घेऊन तो कोपरीत आला, कलावतीबाईंना निरोप दिला आणि त्यांनी नाव विचारायच्या आत निघूनही गेला.

मारुतराव वाचले. घरी आल्यावर ते अंथरुणात पडून एकच विचारायचे, "अगं, कोण होता तो? दिसायला कसा होता?"

कलावतीबाईंना आठवत होतं ते एवढंच, की माणूस उंच होता आणि खाडीच्या चिखलानं गुडघ्यापर्यंत माखला होता. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. बाजारात मासे घ्यायला गेल्या की प्रत्येक कोळणीला विचारायचं. चार-पाच जणींनी माना हलवल्या. मग एक दिवस आवडाबाई नावाची चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण हातातला कोयता खाली ठेवून म्हणाली, "तो व्हय? त्यो तर माजाच नवरा. जालं रस्त्यान टाकून आलेला, तवा मी त्याला लय बोलले. मग सांगितलंन, का टाकलं ते."

त्याचं नाव दामाजी. पुढच्या रविवारी मारुतराव आणि कलावतीबाई पेढे, नारळ आणि शर्टाचं कापड घेऊन कोळीवाड्यात गेले. मारुतरावांनी रस्ताभर शब्द जुळवले होते. पण समोर दामाजी उभा राहिला आणि त्यांनी घाईनं नुसतं कापड पुढं केलं. दामाजी तर त्यांच्याहून अवघडलेला.

"मी जाल्यावरून तसाच आलेलो," तो म्हणाला. "तुमच्या कपड्यांना वास लागला आसंल."

झालं, एवढंच बोलणं. आभाराचा शब्द मारुतरावांच्या तोंडातच राहिला. घरी परतताना त्यांना वाटत राहिलं, की ज्यानं जीव वाचवला त्याला आपण शर्टाचं कापड देऊन आलो. ही रुखरुख त्यांच्या मनातून जाईना.

मे महिन्यात त्यांचा भाचा चांगदेव आला. तो व्यापारी जहाजावर नोकरीला होता, वर्षातून एकदा घरी यायचा आणि येताना सगळ्यांसाठी काहीतरी आणायचा. या खेपेला त्यानं पिशवीतून एक लांब मानेची काळपट बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"मामा, ही तुमच्या हार्टसाठी."

"काय आहे रे?"

"रेड वाईन. खास फ्रान्सची."

कलावतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "दारू आणलीस? ह्या घरात?"

"मामी, दारू काय, औषध आहे हे! पेपरात वाचलं नाही? फ्रान्समधले लोक लोणी खातात, चीज खातात, मटण खातात, आणि तरी त्यांच्यात हार्टचे पेशंट कमी. शास्त्रज्ञ चक्रावलेत. म्हणतात, ते जेवताना रेड वाईन घेतात म्हणून. त्यात अँटिऑक्सिडंट असतात. रोज रात्री एक ग्लास घ्यायचा, बस."

मारुतरावांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. कंपनीतल्या पार्ट्यांत ते सोडा घेऊन कोपऱ्यात बसायचे. आता साठीला आल्यावर, एकदा मरणाच्या दारातून परतल्यावर, त्यांना ते व्रत मोडायचं नव्हतं. पण भाच्यानं समुद्रापलीकडून मायेनं आणलेली वस्तू परत कशी करायची? बाटली कपाटात गेली, साड्यांच्या मागं.

दोन-तीन दिवसांनी मारुतरावांच्या डोक्यात आलं, की ही दामाजीला द्यावी. किती झालं तरी भारी वस्तू, परदेशातली. शिवाय हृदयाला चांगली. आणि कोळी माणूस, त्याला काय, चालतच असणार. हे शेवटचं त्यांनी मनात इतकं सहज म्हटलं, की त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटलंसुद्धा नाही. कलावतीबाईंना न विचारता त्यांनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि संध्याकाळी कोळीवाडा गाठला.

दामाजी ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्यानं चटई टाकली, पाणी आणलं. मारुतरावांनी कागद सोडून बाटली त्याच्या हातात दिली आणि भाच्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं, फ्रान्स, लोणी, मटण, अँटिऑक्सिडंट. दामाजी ऐकत होता, हसल्यासारखं करत होता. बाटली मात्र त्यानं धरली होती ती अगदी टोकाला, गरम भांडं धरावं तशी.

"बरी हाय," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या मायेनं आनली..."

तेवढ्यात आवडाबाई बाजारातून आली. पाटी उतरवायच्या आधी तिची नजर बाटलीवर गेली.

"ही कोनी आनली?"

मारुतराव उठून उभे राहिले. "मी आणली, बाई. औषध म्हणून. हृदयाला चांगली असते..."

"भाऊ," आवडाबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. "आमच्या घरान बाटली येत नाय. ह्याचा मोठा भाऊ नाथा दारून गेला. होडीवरून पडला नि सापडला तो भरती उतरल्यावर. त्या दिवशी ह्यानं सोडली ती सोडली. आमी बायकांनी मिलून ह्या गल्लीतला दारूचा धंदा बंद केला. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. नि तुमी चांगल्या घरचं मानूस, तुमी बाटली घेऊन आलाव? कोली हाय, पितच आसंल, आसं वाटलं ना?"

मारुतरावांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तसंच वाटलं होतं, अगदी तसंच.

"आवडे, गप," दामाजी म्हणाला. "त्यांना काय ठावं? माज्या छातीसाठी आनली त्यांनी."

"तुजी छाती!" आवडाबाई त्याच्याकडं वळली. "छातीन दुखतं तवा डाक्तरकडं जा म्हनते तर जात नाय. जालं ओढताना बसतोस दम खात, मना काय दिसत नाय? नि आता बाटलीनं बरा होनार?"

दामाजीनं मान खाली घातली. मारुतरावांचं लाजेनं तापलेलं डोकं एकदम थंड पडलं. त्यांनी विचारलं, "कुठं दुखतं, दामाजी? इथं? मधोमध?"

"दुखत नाय. भरून येतं. थांबलो का जातं."

"आणि हात जड होतो?"

दामाजीनं उजव्या हातानं डावा दंड चोळला, आणि मारुतरावांना उत्तर मिळालं. पण ती वेळ बोलायची नव्हती. त्यांनी बाटली उचलली, पुन्हा कागदात गुंडाळली, आवडाबाईपुढं हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं, बाई. अगदी खरं बोललात."

घरी येऊन त्यांनी कलावतीबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही उपकार फेडायला गेलात आणि त्या माणसाला ओळखतसुद्धा नव्हतात." चांगदेव जेवायला आला तेव्हा मारुतरावांनी बाटली त्याच्या स्वाधीन केली. तो बिचारा ओशाळला. "मी चांगल्यासाठीच आणलेली, मामा," एवढंच म्हणाला. मारुतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची माया खोटी नव्हती, हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीची तारीखच होती. मारुतरावांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पेशंटला वेळ द्यायच्या. रक्तदाब बघून झाल्यावर मारुतरावांनी वाईनचा विषय काढला. बाई हसल्या.

"तुम्ही ह्या महिन्यातले कितवे विचारणारे! बसा, सांगते. तुम्ही कारखान्यातले ना? लोखंड उघड्यावर ठेवलं की काय होतं?"

"गंजतं."

"शरीरातही प्राणवायूमुळं थोडी तशी झीज चालू असते. रक्तातली वाईट चरबी अशी गंजली, की नळ्यांच्या भिंतींना जास्त चिकटते, असं आता म्हणतायत. ही झीज आवरणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. झाडं ती स्वतःसाठीच बनवतात. काळ्या द्राक्षाच्या सालीत ती असतात, आणि रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात उतरतात. मग ती दारूतूनच कशाला घ्यायची? द्राक्षं खा. जांभळं खा, आता येतीलच बाजारात. कोकम, आवळा, कांदा, माठ, पालक, सगळ्यांत काही ना काही आहे. रोजच्या चहातसुद्धा आहे."

"म्हणजे फ्रान्सचं खोटं?"

"खोटं नाही म्हणत मी. पण ते लोक भाज्याफळंही खातात, चालतात, निवांत बसून जेवतात. नेमकं कशानं त्यांचं हृदय राखलं, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय दारूचे तोटे आहेत ते आहेतच. जो पीत नाही त्यानं हृदयासाठी सुरू करावी, असं मी कधीच सांगणार नाही. आणि हो, जांभळानंही बंद पडलेली नळी उघडत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

मारुतराव उठता उठता थांबले. "बाई, एक माणूस आहे. जाळं ओढताना त्याची छाती भरून येते. थांबला की बरं वाटतं. डावा हातही भरून येतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "वय?"

"पन्नाशीचा असेल."

"त्याला उद्याच्या उद्या घेऊन या. हा तुमच्यासारखा पडायच्या आधीचा इशारा आहे. तुम्हाला तो मिळाला नव्हता."

त्या संध्याकाळी कोळीवाड्यात परत जायला मारुतरावांचे पाय उचलत नव्हते. कलावतीबाई म्हणाल्या, "मी येते." वाटेत येऊरच्या डोंगरातल्या बायका पळसाच्या पानांवर जांभळं मांडून बसल्या होत्या. पहिलीच होती, छोटी, आंबटसर. त्यांनी पानभर घेतली.

आवडाबाईनं दारात त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा कडक झाला. पण कलावतीबाई सरळ पुढं झाल्या. "बाई, आमच्या माणसाचं चुकलं. ते सांगायला आलेत, आणि मीही आलेय. ही जांभळं घ्या. आणि आता मी काय सांगते ते ऐका, कारण मी एका सकाळी दारात उभी राहून निरोप ऐकलाय. तो निरोप तुमच्या दारात कुणी आणू नये."

आवडाबाईनं जांभळं घेतली. तिनं दोघांना घरात घेतलं.

दामाजी मात्र ऐकेना. उद्या उधाण आहे. होडीचं काम आहे. इस्पितळात एकदा शिरलं की काहीतरी काढतातच. शेवटी तर म्हणाला, "मना काय झालेलं नाय, साहेब. तुमीच दुखन्यानं घाबरून गेलाव."

"घाबरलोय खरा," मारुतराव म्हणाले. "दामाजी, तू मला उचललंस तेव्हा विचारलं होतंस, यायचं का म्हणून?"

"तुमी बेशुद्ध होताव."

"मग मीही विचारत नाही. तू बेशुद्ध पडायची वाट मी बघणार नाही, आणि मला काही तुला खांद्यावर घेऊन धावता येणार नाही. सकाळी रिक्षा घेऊन येतो. आंघोळ करून तयार राहा."

दामाजीनं बायकोकडं पाहिलं. आवडाबाई ताटलीत जांभळं काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जाईल तो."

सकाळी तो खरंच ओट्यावर तयार बसला होता, मारुतरावांनीच दिलेल्या कापडाचा नवा शर्ट घालून. इस्पितळात त्याला छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पट्टा जरा वेगानं फिरू लागला तशी डॉक्टरीणबाईंची नजर यंत्राच्या कागदावर खिळली आणि त्यांनी हात वर करून पट्टा थांबवायला सांगितलं. पुढं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात अँजिओग्राफी झाली. मारुतराव बाहेर बाकड्यावर आवडाबाईशेजारी बसून होते. कंपनीत बॉयलर दुरुस्तीच्या वेळी बाहेर थांबावं लागायचं तेव्हाही त्यांचा जीव इतका टांगणीला लागला नव्हता. आवडाबाई एकदाच बोलली. "भाऊ, मी त्या दिवशी लय बोलले."

"कमीच बोललात," मारुतराव म्हणाले. "आणि बोलला नसतात तर ह्याच्या छातीचं मला कधी कळलंच नसतं."

एक नळी बरीच अरुंद झाली होती. आणखी काही महिने ह्यानं असंच जाळं ओढलं असतं तर धडगत नव्हती. पण तो वेळेत आला होता. औषधांवर भागेल, म्हणाले. गोळ्या नियमित, बिडी बंद, ओझं ओढायचं नाही, आणि मीठ अगदी कमी.

हे मिठाचं ऐकून दामाजी खरा हादरला. "म्हंजे सुकट नाय? खारा बांगडा नाय?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. "बाई, मग कोली म्हनून मी उरलो कशाला?"

"ताजा मासा खा की. तो तर चांगलाच," बाई म्हणाल्या. "सोबत भाजी खा."

"भाजी!" दामाजी इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणाला, की आवडाबाई कितीतरी दिवसांनी तोंडाला पदर लावून हसली.

त्यानंतरचे महिने दोन्ही घरांना एकमेकांची सवय लागण्यात गेले. आवडाबाई बाजारातून परतताना कोपरीत थांबायला लागली. ती खाडीतली ताजी मासळी, बोयटं, आणायची, कलावतीबाई तिला निवडलेला माठ आणि शेवग्याचा पाला द्यायच्या. बिनमिठाच्या कालवणाला चव कशी आणायची, हा त्या दोघींचा मोठा विषय होता. कोकम जास्त घालून बघ, लसूण ठेचून घाल, कोथिंबीर शेवटी टाक. होडीवरची ओढाताण आवडाबाईच्या भावानं अंगावर घेतली. दामाजी नुसता सुकाणूवर बसायचा आणि तिथून हुकूम सोडायचा. गोळ्या मात्र तो वेळेवर घ्यायचा, कारण मारुतराव सकाळी फिरताना त्याच्या ओट्यावर थांबून आधी तेच विचारायचे.

"घेतली का रे?"

"घेतली. तुमी?"

"घेतली."

मग दोघं मिळून खाडीपर्यंत चालत जायचे, हळूहळू, मधे कुठंतरी टेकत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कलावतीबाईंनी दामाजीच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. बेत साधाच होता. पापलेट भाजलेलं, लाल माठाची भाजी, कांद्याची कोशिंबीर, सोलकढी, आणि शेवटी काळी द्राक्षं. दामाजीनं माठ खाल्ला, पुन्हा मागून घेतला आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "बरा लागतो." आवडाबाई आणि कलावतीबाईंनी एकमेकींकडं पाहिलं.

जेवण झाल्यावर बायका मागं भांडी आवरायला गेल्या. दामाजी सतरंजीवर टेकला आणि बोलता बोलता त्याला डोळा लागला. मारुतराव खुर्चीत बसले होते. इतक्या महिन्यांत त्या माणसाला त्यांनी आभाराचा शब्द असा म्हटला नव्हता. आता म्हणावा तर तो झोपलेला. त्यांनी उठून पंखा एक घर कमी केला, खिडकीचा पडदा सारून दामाजीच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि परत येऊन बसले. दामाजीची छाती शांतपणे वर-खाली होत होती, घरघर नाही, अडखळणं नाही. मागून कलावतीबाईंनी चहा टाकू का म्हणून विचारलं.

"थोड्या वेळानं," मारुतराव हळू आवाजात म्हणाले. "झोपलाय तो."